आजीचं परसू – तुमच्याकडचे अनुभव सांगा

आमची आजी गेल्या महिन्यात गेली, ९४ वर्षांची होती. गुहागरजवळचं घर, मागे परसू, त्यात माड, पोफळी, अनंत, तगर, आणि पावसाळ्यात मांडवावर पडवळ-दोडकी. दिवसकार्य उरकल्यावर पडवी साफ करताना बघितलं तर भिंतीवर शेणाच्या चकत्या थापलेल्या, प्रत्येकीत बी. शेणात कालवून थापलं की कीड लागत नाही म्हणायची. पण कुठल्या चकतीत काय हे फक्त तिलाच ठाऊक, चिठ्ठी वगैरे काही नाही, शाळा पाहिलेली नव्हती ना. चुलीकडची पहिली चिबडाची एवढं आईला आठवतंय, बाकी अंधार. तर तुमच्याही आज्यांबद्दल लिहा, मला वाचायचंय.

*

भिंत अजिबात धुवू नका हां! मृग लागला की सगळ्या चकत्या वेगवेगळ्या आळ्यांत लावा, वेल वर चढला की कळेलच कोण कोण ते.

आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आजी ८८ ची, आम्ही सगळे माजघरात बसलेलो आणि बाहेर पोफळी मोडल्याचे आवाज, काडकाड, ती मोजत होती. पुढे मोजायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी वाडीत उभं राहिलं तर थेट पलीकडच्या आळीतली घरं दिसत होती, आधी कधीच दिसली नव्हती. काका म्हणाले आता पुरे, विकून टाकू. ही आठवड्याभरात सुपारीची रोपं करायला बसली. पोफळीला धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, हे तिला काय आम्ही सांगणार? गेल्या वर्षी गेली. यंदा दोन झाडांना पोय (फुलोरा) आलीये, फोटो काढला पण दाखवायचा कोणाला हा प्रश्न पडला.

*

सगळ्यांच्या आज्या इतक्या गोड कशा हो? आमची वेंगुर्ल्याची आजी म्हणजे तोफ. परड्यात सुरंगी होती, फाल्गुनात खोडाफांद्यांना नुसत्या कळ्या चिकटायच्या, त्या उमलायच्या आत काढाव्या लागतात म्हणून पहाटेच उठवायची, आणि गजरा बाजारात जायचा, आम्हा नातींना पडलेली फुलं. हात लावला तर "मेल्यांनो, हात मोडून ठेवतलंय!" पण तिचा एक किस्सा सांगते. रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं, एक झाड नर निघालं. बीपासून लावलं की नर की मादी ते फुलावर आल्याशिवाय कळत नाही, सहा-सात वर्षं पाणी घालून झाल्यावर हा निकाल! आजोबा कुऱ्हाड घेऊन निघाले तर आडवी झाली, "तुमच्याकडे खाऊक मागता काय तो? सावली तरी दिता." अजून आहे ते झाड. आजोबा पुढे त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसायचे, निर्लज्जपणे.

*

आमच्याकडे रायवळ आंब्यांना नावं होती. साखऱ्या, गोटी, एक शेपू (शेपूसारखा वास यायचा), आणि एकाचं नाव आमच्या आत्याच्या सासऱ्यांवरून, कारण अतिशय आंबट :)

*

थोडं कडू लिहितो, राहवत नाही म्हणून. साठ वर्षं जिने वाडी शिंपली, पंप नव्हता तेव्हा लाटेने (विहिरीवरच्या लांब दांड्याने) पाणी काढून पन्हळीतून प्रत्येक आळ्याला फिरवलं, तिचं सातबाऱ्यावर नाव नव्हतं. आजोबांनंतर वाटण्या झाल्या, वाडी विकली गेली, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. डोंबिवलीला आमच्याकडे आली ती पिशवीत सोनटक्क्याचे कांदे घेऊन, कपडे कमी आणि कांदे जास्त. गॅलरीत रंगाच्या डब्यात लावले. सोनटक्क्याला पाणी लागतं म्हणून भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी कोणी मोरीत ओतलं की ओरडायची. ती जाऊन अकरा वर्षं झाली, बायको अजून तांदळाचं पाणी बाजूला ठेवते. ती आजीला कधी भेटलेलीसुद्धा नाही, माझ्याकडून शिकली.

*

धागा काढणारी मीच. सगळं वाचलं, दोनदा. भिंत धुवायची नाही असं आईला सांगितलंय. तिला अजून एक चकती आठवली, खिडकीखालची, ती बहुतेक भोपळ्याची. मावशी म्हणते दोडकीची. दोघींचं भांडण चालू आहे.