आजोबांच्या ट्रकचं नवं दार जुन्यासारखं कसं रंगवायचं? कुणी केलंय का?

कृष्णाकाठचा_पोरगा
राम राम मंडळी, मी सांगलीचा. आमच्या आजोबांचा १९६६ चा नाकाचा (पुढं बॉनेट असलेला) टाटा मर्सिडीज ट्रक आहे, जाळीवर तीन टोकांचा तारा अजून शाबूत (टाटा-मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९, त्यानंतरच्या गाड्यांना तो नाही, म्हणून घरात त्या ताऱ्याचं भलतंच कौतुक). मार्केट यार्डातनं हळदीची पोती घेऊन मुंबईला जायची ही गाडी. नंतर घरामागं उभीच होती आणि २०१९ च्या महापुरात चार दिवस पाण्यात राहिली, तेव्हापासनं ड्रायव्हर साइडचं दार आणि डावं मडगार्ड कुजत कुजत गेलं. आता दोन्ही नव्या पत्र्यात करून घेतलीत. पेंटर म्हणतोय सगळीच गाडी घासून लांबी (पुट्टी) भरून चकाचक डुको (गाड्यांचा स्प्रेचा रंग) मारू. मला ते नकोय ओ. फाळक्यावर (मागच्या झडपेवर) आजोबांनी लिहून घेतलेलं नाव अर्धंमुर्धं दिसतंय, वरनं विटलेला नारंगी, त्याखाली पिवळा, त्याखाली रेडॉक्साइड (लाल प्रायमर), हे सगळं तसंच ठेवायचंय, फक्त नवे दोन भाग त्याला जुळवायचेत. मी स्वतः तपकिरी रंग स्पंजनं थापून बघितला तर दार शेणानं सारवल्यासारखं झालं, आई हसून हसून बेजार.

मिरजेचा_ब्रश
पहिली गोष्ट, त्या पेंटरला गाडीला हात लावू देऊ नकोस, फाळक्यावरचं नाव एकदा घासलं की गेलं.
दुसरी गोष्ट, तुझं चुकलं कुठं तर तू जुनेपणा वरनं लावलास, तो आतनं बाहेर काढायचा असतो. तुझ्या गाडीवर जे थर आहेत तेच त्याच क्रमानं दारावर मार, रेडॉक्साइड, मग पिवळा, मग नारंगी, प्रत्येक थर नीट वाळू दे, गडबड करू नकोस. नारंगी कुठला घ्यायचा ते जुन्या दाराच्या रबराखाली बघ, तिथं ऊन लागलेलं नसतंय, ओरिजिनल शेड मिळंल. मग ४०० चा वॉटर पेपर पाणी लावून घासायचा, आणि थर फुटला की ८०० नं कडा मऊ करायच्या. बरोबर जमलं तर मधे लाल, भोवती पिवळी कड, मग नारंगी, कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसं.
आता घासायचं कुठं, इथंच सगळे फसतात. जुनं दार फेकलं नसशील तर ते समोर ठेव. ड्रायव्हरचं कोपर खिडकीच्या कडेवर टेकतं तिथं रंग पार पत्र्यापर्यंत गेलेला असतोय पण गंज नसतोय, शर्टानं आणि हाताच्या तेलानं पत्रा उलट चकाकतोय. हँडलच्या खाली किल्लीचे ओरखडे पंख्यासारखे पसरलेले. आरशाच्या क्लँपखालनं गंजाचे ओघळ, ते सरळ खाली, कारण पाणी सरळ खाली जातंय. आणि मडगार्डचा माथा पांढुरका, बाजू मात्र रंगदार, ऊन वरनं पडतं म्हणून. सगळीकडं सारखं घासलंस तर गाडी जुनी नाही, खरूज झाल्यासारखी दिसणार.
आणि सिंथेटिक इनॅमलवर लगेच डुकोचं थिनर गेलं तर रंग सुरकुततो, उठतो. एक काहीतरी ठरव.

एमआयडीसी_कराड
खरा गंज पाहिजे असेल तर आम्ही हॉटेलच्या बोर्डाला केलेलं सांगतो. उघडा पत्रा थिनरनं पुसायचा, तेलाचा अंश राहिला नाही पाहिजे. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, व्हिनेगर ६० मिली, मीठ दीड चमचा, स्प्रे बाटलीतनं मारायचं, डोळ्यासमोर लाल होतंय. दोन-तीन हात दे. पण उघड्यावर कर, गॉगल-हातमोजे घाल, उरलेलं बूच लावून ठेवू नको, बाटली फुगती. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं आणि मग साध्या पाण्यानं भरपूर धू. मीठ राहिलं तर क्लिअरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली गंज चालूच राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात पापडी सुटती, आमची सुटलेली.
वरच्या भावानं सांगितलं त्यात एक भर, टवके उडाल्यासारखं पाहिजे असेल तर पिवळ्या थरावर पाणी शिंपडून खडेमीठ टाक, वाळलं की नारंगी मार, मग मीठ खरवडून काढ आणि धू.

कृष्णाकाठचा_पोरगा
@एमआयडीसी_कराड दोनदा मारलं, काहीच लाल होईना, नुसता पांढरट डाग पडला. पेरॉक्साइड जुनं असंल काय?

एमआयडीसी_कराड
पत्र्यावर फुलं फुलं दिसतात का? असतील तर तुझ्या वेल्डरनं जीआय लावलाय, जस्त आहे वर, ते जाईपर्यंत लाल गंज विसर. गंजाचा नाद सोड, मिरजेच्या दादाची रंगाची पद्धत धर. जीआयवर साधं रेडॉक्साइडपण नीट धरत नाही, आधी एच प्रायमर (etch, जस्ताला धरणारा) मार.

सज्जनगड_व्ह्यू
पटत नाही राव. गाडीनं पूर सोसला, दार गेलं, नवं बसवलं, ही पण त्या गाडीचीच गोष्ट आहे की. नवं दार साधं एका रंगात ठेवा. आमच्या साताऱ्यात एकानं नव्या जीपला असला गंज करून घेतला, सर्व्हिसिंगला गेली तर पोरानं इमानदारीत घासून पॉलिश करून दिली 😂

मिरजेचा_ब्रश
ज्याची गाडी त्याचं मन ओ. पण आजोबांचं नाव आहे त्या फाळक्याला मात्र कुणीच काही करू नका. जास्तीत जास्त बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) टर्पेंटाइनमधे पातळ करून फडक्यानं पुसा, विटलेली अक्षरं उघडतात. ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप गरम होऊन पेटतं, पाण्यात बुडवा नाहीतर बाहेर उघड्यावर पसरून वाळवा. दाराला शेवटी मॅट क्लिअर, चकाकणारं नको. आणि जुना पिवळा-नारंगी कोरडा घासू नकोस, त्या काळच्या रंगात शिसं असायचं, पाणी आणि मास्क पाहिजेच.

कृष्णाकाठचा_पोरगा
फुलं आहेत 😑 वेल्डरला फोन केला तर म्हणतोय "टिकंल म्हणून जीआय लावला, वाईट केलं का?" काय बोलणार.
उरलेल्या तुकड्यावर एच प्रायमर मारून तीन थर दिले, काल घासला. कांद्यासारखी कड आली! फक्त नारंगी फार ताजा वाटतोय, त्यात थोडा पांढरा मिसळून परत बघतो. आणि कोपराची जागा शोधायला स्टुलावर बसून खिडकीत हात टेकवला तर वडील म्हणाले, आणखी चार बोटं मागं, आजोबा सीट मागं सरकवून बसायचे.