कॅमकॉर्डरच्या छोट्या डिस्कमधलं चित्रण संगणकावर कसं घ्यावं?

प्रश्न: बाबांच्या कॅमकॉर्डरच्या ८ सेंमी डीव्हीडी आहेत. एकीत आजी जात्यावर ओव्या म्हणतेय, तिचा आवाज तेवढाच उरलाय. लॅपटॉपवर डिस्क रिकामी दिसते. काय करू?

उत्तर: बहुधा डिस्क फायनलाइझ केलेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पक्की केलेली नाही. संगणकाने फॉरमॅटचं विचारलं तर मुळीच ‘हो’ म्हणू नका! त्याच कॅमकॉर्डरमध्ये घाला, चार्जर लावा, मेन्यूतून फायनलाइझ करा. मग दिसणाऱ्या फायली आधी जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीओबी (डीव्हीडीतल्या चित्रणाच्या) फायली व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालतात. त्यांची एमपी४ करायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यातला डीइंटरलेस हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर आजींच्या फिरत्या हातावर आडव्या रेघा दिसतील.

दुसरं उत्तर: ड्राइव्ह ट्रेवालाच घ्या. फटीतून ओढणाऱ्यात छोटी डिस्क अडकते.

प्रश्नकर्ती: कॅमकॉर्डर सुरूच झाला नाही तर?

उत्तर: संगणकावर आयएसओबस्टर हे सॉफ्टवेअर वापरून बघा. फायनलाइझ न केलेल्या डिस्कही वाचतो.