मदत हवी आहे (फेब्रुवारी २००७): एक्सएमचे शेअर आत्ता विकावेत की सिरियसशी विलीनीकरण होईपर्यंत थांबावं?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो. २००५ मध्ये एक्सएम सॅटेलाइट रेडिओ (उपग्रहावरून रेडिओ ऐकवणारी कंपनी) हिचे ३०० शेअर तीस डॉलरच्या आसपास घेतले. रोज दीड तास गाडीत जातो. डॅशबोर्डवर एक्सएमचा रेडिओ, टपावर चुंबकाचा अँटेना, वायर दाराच्या रबरातून आत ओढलेली. इतकं आवडतंय तर कंपनी चालणारच, असं वाटलं. १६ फेब्रुवारी २००७ ला भाव होता १३.९८ डॉलर. निम्म्याहून जास्त गेले, आणि पैसे मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले. झोप लागत नाही.

सोमवारी जाहीर झालं की सिरियस या दुसऱ्या सॅटेलाइट रेडिओ कंपनीशी विलीनीकरण होणार आणि एक्सएमच्या एका शेअरमागे सिरियसचे ४.६ शेअर मिळणार. सिरियसच्या ३.७० भावाने ते १७.०२ होतात, म्हणजे सुमारे २२ टक्के जास्त. मंगळवारी एक्सएम चढला, पण सतराच्या जवळही गेला नाही. म्हणजे सौदा पार पडेल यावर बाजाराचा विश्वास नाही, असंच ना?

भीती एफसीसीची, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारण नियामक संस्थेची आहे. १९९७ मध्ये या दोन कंपन्यांना परवाने देतानाच अट घातलेली, की एकाने दुसऱ्याला ताब्यात घ्यायचं नाही. २००२ मध्ये डायरेक्टटीव्ही आणि एकोस्टार या सॅटेलाइट टीव्ही कंपन्यांच्या विलीनीकरणालाही एफसीसीने नकारच दिला होता. सिरियसचे प्रमुख मेल कारमाझिन म्हणतात, आमची स्पर्धा एफएमशी, आयपॉडशी आहे. मला ते पटतं, मुलगी गाडीत बसली की आयपॉडच लावते. शिवाय एफएमवाल्यांची संघटना एनएबी या सौद्याच्या विरोधात उभी आहे. स्पर्धाच नसती तर त्यांनी विरोध कशाला केला असता?

पण सौदा झाला तरी पुढे काय? दोघांचे मिळून १ कोटी ४० लाखांच्या घरात ग्राहक, तरी दोन्ही कंपन्या तोट्यात. सिरियसवरच्या एकट्या हॉवर्ड स्टर्न या निवेदकाचा करार पाच वर्षांचा, ५० कोटी डॉलरचा. माझ्या रेडिओवर सिरियस लागत नाही, म्हणजे दोन्ही प्रसारणं कित्येक वर्षं चालू ठेवावी लागणार. मग खर्च लगेच कसा वाचणार?

जाणकारांनी कृपया सांगावं: ४.६ हे प्रमाण ठरलेलं असेल तर सिरियस घसरला की माझेही पैसे घसरणार ना? शेअर बदलून मिळाले तर त्यावर कर लागतो का? आज पंधराच्या आसपास विकले तर साडेचार हजारांचा तोटा होतो आणि कर भरताना तो पगारातून वर्षाला तीनच हजार वजा करता येतो. निम्मे विकून निम्मे ठेवावेत असं बायको म्हणते. असं कोणी केलंय का?