चर्चा: कॉपी तपासणाऱ्याने लिहिणाऱ्याची भाषा बदलावी का?

कानामात्रा
आमच्या कॉलेजचं चार पानी पाक्षिक निघतं. पाक्षिक म्हणायचं इतकंच, परीक्षा-गॅदरिंग वगळता वर्षाला आठ-नऊ अंक होतात. दोन वर्षं मी त्याची कॉपी, म्हणजे छापायला आलेला मजकूर, तपासते. मागच्या अंकात यवतमाळकडच्या एका मुलाने मुलांच्या हॉस्टेलमधल्या पाण्यावर लिहिलं होतं. सुरुवात अशी:

'तीन दिवस झाले, नळाला पाणीच नाही येऊन राहिलं. विचारायला गेलं तर रेक्टर म्हणते, काहून ओरडता बे!'

मी त्याचं केलं: 'गेल्या तीन दिवसांपासून वसतिगृहात पाणीपुरवठा होत नसून विचारणा केली असता उडवाउडवीची उत्तरे देण्यात येत आहेत.'

अंक निघाला. तो आला, पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'हे कोणी लिहिलं? खाली नाव माझं टाकलंय म्हणून विचारतो.'

तेव्हा मी 'प्रमाण मराठीत छापतो आपण' असं काहीतरी पुटपुटले. आता वाटतं, माझं काम तारखा, नावं, आकडे आणि ऱ्हस्व-दीर्घ एवढंच. वाक्य ज्याचं त्याचं. तुम्हाला काय वाटतं?

जुना खिळा
मुली, छापखान्यात आणि मग डेस्कवर मिळून तीस वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. तू भाषा बदललीस याचं मला दुःख नाही. तू जिवंत बातमीचं परिपत्रक केलंस याचं आहे. 'विचारणा केली असता' हे पोलीस ठाण्यातलं मराठी. शिवाय 'उडवाउडवी' हा शब्द त्या पोराच्या कॉपीत नाही. तो आरोप आहे आणि तो तुझ्या पेनातून आला. उद्या रेक्टरने जाब विचारला तर उत्तर त्या पोराने द्यायचं?

पण 'वाक्य ज्याचं त्याचं' हेही मान्य नाही. 'रेक्टर म्हणते' वाचून मला वाटलं, रेक्टर बाई आहेत. मुलांच्या हॉस्टेलला बाई कशा, म्हणून पुन्हा वर जाऊन वाचलं. वाचकाला मागे फिरावं लागलं की कॉपी नापास.

पोट्टा_विदर्भाचा
काका, आमच्याकडे 'तो म्हणते', 'तो जाते' असंच बोलतात. अर्ध्या विदर्भाला त्यात बाई दिसत नाही. पुण्याच्या पेपरात 'मी आलेलो आहे', 'तो बोल्ला' छापून येतं तेव्हा आम्ही मागे फिरतो का? समजून घेतो. समजून घ्यायचं काम दरवेळी आम्हीच करायचं काय?

नियमावली
भावना बाजूला ठेवू. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे चार, असे अठरा आहेत. त्यातच सोय आहे: पात्राच्या तोंडी 'असं केलं' चालतं, एरवी 'असे केले' लिहायचं. म्हणजे लिखाणातल्या बोलीला नियमांनीच दार ठेवलंय, फक्त ते अवतरणचिन्हात आहे. रेक्टरचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, बाकी प्रमाण करा. विषय संपला.

पोट्टा_विदर्भाचा
म्हणजे बोली फक्त कोणाच्या तरी तोंडात शोभते, लिहिणाऱ्याच्या हातात नाही? विषय संपला नाही, तिथंच सुरू झाला. आणि तुमचा स्वतःचा प्रतिसाद 'लिहायचं', 'ठेवलंय' असा आहे, 'लिहायचे' नाही. अवतरणचिन्हं कुठे आहेत?

नियमावली
ही गप्पांची जागा आहे, वर्तमानपत्र नव्हे. (पण मुद्दा पोचला.)

शाईचा डाग
नियमांना देव्हाऱ्यात बसवू नका एवढंच म्हणेन. आजोबांची जुनी पत्रं काढून बघा: 'नांव', 'कांहीं', 'घरांत'. तेव्हा तो टिंब गाळणं ही चूक होती, आता देणं ही चूक. याच नियमांत केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य त्या काळच्या वळणानेच छापा असं सांगितलंय. जुन्याला जी सवलत, ती यवतमाळच्या पोराला का नको?

प्रूफवाली
तुम्ही बोलीवर भांडताय, इथे साधा र जागेवर राहत नाही. आम्ही मेसच्या आचाऱ्यांचा सत्कार केला होता, पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्या म्हणून. कॉपी मोबाइलवर आली, पान जुन्या फॉन्टमध्ये लागलं. 'ऱ्या' काही कीबोर्डवर एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने उभा असतो. फॉन्ट बदलताना ते गळालं की र उडी मारून डोक्यावर बसतो. मथळा छापला गेला: 'आचार्यांचा सत्कार'. फोटोत झारा हातात घेतलेले मामा. मामा खूश, संस्कृतचे सर आठवडाभर गप्प. तेव्हापासून पान सोडण्याआधी मी मथळे मोठ्याने वाचते आणि प्रत्येक 'ऱ्य' बोटाने मोजते.

कानामात्रा
प्रूफवाली 😄 आमच्याकडे 'दऱ्याखोऱ्यांत'चं 'दर्याखोर्यांत' झालं होतं, ट्रेकवाले थेट समुद्रात.

काकांचं 'उडवाउडवी'बद्दलचं म्हणणं मात्र लागलं. खरंच ते माझं होतं. काल त्या मुलाला कॉपी घेऊन भेटले आणि 'म्हणते'ची अडचण सांगितली. तो हसला. म्हणाला, 'रेक्टर सर करा, म्हणते राहू द्या.' एक शब्द वाढवला की झालं. हे मला आधी सुचलं नाही, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. पुढच्या अंकात त्याचा मूळ मजकूर चौकटीत घेतोय.

जुना खिळा
'रेक्टर सर म्हणते'. बरं, हे चालेल. कुरकुरत का होईना, चालेल.

पण चौकट लावण्याआधी एक सांग. ते रेक्टर कुठले?

कानामात्रा
साताऱ्याचे. का?

जुना खिळा
मग 'काहून ओरडता बे' हे नक्की कोण म्हणालं?

कानामात्रा
...

पोट्टा_विदर्भाचा
अरे देवा.

कानामात्रा
फोन केला त्याला. म्हणतो, 'सर काय ओरडताय रे असं म्हणाले असतील, मला तसंच ऐकू आलं.' चौकट थांबवलीय.