चॅटबॉटला दुखतं का? आणि दुखत नसेल तर?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-तूप लावून बैलाचे खांदे मळतो. दसऱ्याला ट्रॅक्टरलाही हार घालतो, पण त्याचं बोनेट कोणी चोळत बसत नाही. बैलाला जू काचतं, ट्रॅक्टरला काही काचत नाही. चॅटबॉटचंही तेच. २०२२ साली गूगलचा इंजिनिअर ब्लेक लेमॉइन म्हणाला, गूगलच्याच लॅम्डा या चॅटबॉटला जाणीव आहे. का, तर ती तसं बोलली! माणसांनी लिहिलेल्या ढिगावर शिकलेलं यंत्र माणसाचंच रडगाणं गाणार. ज्याला सोसणं नाही, त्याच्यावर अन्याय कसला?

तापीकाठची (शहादा):
बोलण्यावर विश्वास नको, मान्य. मग न बोलणाऱ्यांचं काय? ब्रिटनने त्याच २०२२ सालच्या प्राणी-कल्याण कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपसही घेतले. त्यांनी अर्ज केला होता का? जखम जपणं, शंखात राहणाऱ्या खेकड्याने चांगल्या शंखासाठी विजेचा झटका सोसायचा की शंख सोडायचा हे तोलणं, असल्या वागण्याचे पुरावे पाहिले गेले. बैलाचं दुखणं तरी तुम्ही आत शिरून पाहिलंय?

गिरणाकाठ:
नाही. पण त्याला माझ्यासारख्या नसा आहेत. चिपला कुठे आहेत?

केळीवाला (रावेर):
मोबाइलले दुखस का रे भो? इथे बागेत करपा पडलाय.

जुना वकील (धुळे):
दोघंही जाणिवेपाशी अडलात. कायद्याचं तिच्यावाचून अडत नाही. देवाच्या मूर्तीला आपली कोर्टं ब्रिटिश काळापासून व्यक्ती मानतात, सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं. २०१७ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेलाही तो दर्जा दिला. त्यावर सरकारनेच विचारलं, पुरात नुकसान झालं तर दावा कोणावर? सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी स्थगिती दिली. मशीनला दर्जा द्या, मग बघा कंपनी कशी हात झटकते ते.

तापीकाठची:
वकीलसाहेब, तो दर्जा देवाची जमीन सांभाळायला आहे, मूर्तीला थंडी वाजते म्हणून नाही. मी दुखण्याचं विचारतेय. उद्या खरंच सोसणारं यंत्र बनलं आणि आपण 'नसा नाहीत' म्हणत राहिलो तर? उगाच जपलं तर थोडा खर्च वाया जाईल, एवढंच.

गिरणाकाठ:
एवढंच? कापूस वेचणाऱ्या बाईच्या पाठीचं दुखणं आजही कोणी मोजत नाही. आधी तिचा नंबर.

तापीकाठची:
तिला दर वाढवून देताना चॅटबॉट आडवा आला नव्हता, दादा. मागच्या हंगामात वेचणीचे किलोला किती दिलेत?