मदत हवी आहे : महिलांची वेटलिफ्टिंग बघताना प्लेटचे रंग, वाढीव किलो आणि लाल दिवे कसे वाचायचे?

स्नॅचवेडी

ऑलिंपिकमधल्या महिला गटांच्या लढती परत बघते आहे. लिफ्ट कळते, पण डाव कळत नाही. तीन ठिकाणी अडलंय.

१. ११४ किलोच्या बारवर दोन्हीकडे मोठी लाल, मोठी निळी आणि एक छोटी निळी प्लेट असते. २५, २० आणि २ धरले तर दोन्ही बाजूंचे ९४. त्यात बार २० आणि कॉलर (प्लेट घट्ट धरणाऱ्या कड्या) ५ मिळवले की ११९ होतात. हे वरचे पाच किलो कुठून येतात?

२. टोकियोत फिलिपिन्सच्या हिडिलिन डियाझने शेवटच्या जर्कला (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) नेमके १२७ च का लावले?

३. बार डोक्यावर नीट थांबलेला दिसतो, तरी दोन लाल दिवे लागतात. नजर कुठे ठेवायची?

नियमांचं पुस्तक नको, बघताना उपयोगी पडेल असं सांगा.

---

कॉलरकडे_लक्ष

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. महिलांचा बार १५ किलोचा, २० चा पुरुषांचा. लांबीही कमी (२०१ सेंमी, पुरुषांचा २२०) आणि पकडीची जाडी २५ मिमी, पुरुषांच्या बारची २८. टीव्हीवर हा फरक चटकन लक्षात येत नाही, म्हणून गफलत होते.

कॉलर अडीच-अडीच किलोची, म्हणजे बार आणि कॉलर मिळून बरोबर २०. पाटीवरच्या आकड्यातून २० वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा, की एका बाजूच्या प्लेट मिळतात. ११४ उणे २० म्हणजे ९४, एका बाजूला ४७. जुळलं.

रंग असे : २५ लाल, २० निळी, १५ पिवळी, १० हिरवी. या चारही प्लेटचा व्यास सारखाच, ४५० मिमी, त्यामुळे आकारावरून काही कळत नाही, रंगच बघायचा. छोट्यांमध्ये ५ पांढरी, आणि त्याखाली तेच रंग पुन्हा दहाव्या हिश्शाने येतात : अडीच लाल, २ निळी, दीड पिवळी, १ हिरवी, अर्धा पांढरी. एवढं पाठ झालं की पाटी बघावी लागत नाही.

वजन एकेक किलोने वाढतं आणि दोन बाजूंना वाटलं जातं, त्यामुळे पाटीवरचा आकडा विषम असेल तर एका बाजूच्या बेरजेत अर्धा किलो येतोच. सरावासाठी हे चार बघा, चारही बारवर आतून मोठी लाल आणि मोठी निळी आहेच, फरक फक्त छोट्यांत :
११४ : छोटी निळी
११५ : छोटी लाल
११६ : छोटी लाल + छोटी पांढरी
११७ : छोटी लाल + छोटी हिरवी

---

शेवटचा_प्रयत्न

दुसऱ्या प्रश्नाची खरी मजा बेरजेत आहे, म्हणजे सर्वोत्तम स्नॅच (बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर) अधिक सर्वोत्तम जर्क. टोकियोच्या ५५ किलो गटात डियाझ आणि चीनची लियाओ चियुयुन, दोघींचाही स्नॅच ९७. लियाओने जर्कमध्ये १२६ उचलले, बेरीज २२३. डियाझने १२६ उचलून बरोबरी केली असती तर सुवर्ण लियाओचंच राहिलं असतं, कारण बेरीज समान असेल तर ती आधी गाठणारी वर राहते. पूर्वी बरोबरीत शरीराचं वजन कमी असलेली जिंकायची, तो नियम आता नाही. म्हणून १२७, बेरीज २२४, आणि फिलिपिन्सचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण. जिंकायला एक किलो जास्त लागतो आणि तो एकच पुरतो. मागून उचलणारीचा सगळा फायदा यात आहे, तिला नेमका किती हवा ते माहीत असतं.

पॅरिसच्या ४९ किलो गटात हेच झालं. रोमानियाची मिहाएला कांबेई ९३ आणि ११२, बेरीज २०५. चीनच्या हौ झिहुईचा स्नॅच ८९. ११६ ने बरोबरी झाली असती आणि ती कांबेईच्या पथ्यावर पडली असती. हौने शेवटच्या प्रयत्नात ११७ उचलले, २०६ झाले.

आता क्रम. बार कधीच हलका होत नाही. कमी वजन मागणारी आधी येते. वजन सारखं असेल तर कमी प्रयत्न झालेली आधी, तेही सारखे असतील तर मागचा प्रयत्न आधी केलेली आधी. प्रत्येक प्रयत्नाचं मागितलेलं वजन दोनदा बदलता येतं, पण घड्याळात ३० सेकंद उरल्याची घंटा व्हायच्या आत. घड्याळ ६० सेकंदांचं, तीच खेळाडू लागोपाठ आली तर १२० सेकंद.

या बदलांनी दोन कामं होतात. एक म्हणजे विश्रांती मिळते : आपल्या खेळाडूचं नाव पुकारलं गेलं आणि ती दमलेली असेल, तर कोच एक किलो वाढवतो, मधे दुसरी येऊन उचलून जाते आणि इकडे श्वास सावरतो. दुसरं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आधी पत्ते उघडायला लावणं.

हे अंगाशीही येतं. वॉर्मअपच्या खोलीत कोच मोजत असतो की आपल्या खेळाडूच्या आधी किती प्रयत्न शिल्लक आहेत, आणि साधारण दर तीन प्रयत्नांमागे एक वॉर्मअप लिफ्ट बसवतो. समोरच्या दोघी-तिघींनी अचानक वजन वाढवलं की मधले प्रयत्न गायब होतात आणि शेवटचा जड वॉर्मअप न करताच प्लॅटफॉर्मवर यावं लागतं. उलटही होतं, सगळ्या मधे घुसतात आणि तयार झालेली खेळाडू थंड पडते. पहिलाच प्रयत्न हुकला तर त्याआधीची दहा मिनिटं पाटीवर काय हललं ते मागे जाऊन बघा, पुष्कळदा कारण तिथे सापडतं.

---

स्नॅचवेडी

पाच किलोंचा उलगडा झाला, आभार! मग पॅरिसमध्ये मीराबाईने ११२ न लावता थेट ११४ का?

---

शेवटचा_प्रयत्न

तिचे ८८ आणि १११ झाले होते, म्हणजे १९९. थायलंडच्या सुरोद्चना खांबाओची अंतिम बेरीज २००. ११२ ने फक्त २०० झाले असते, आणि दोनशेवर अडकलं की निकाल आधी-नंतरच्या हिशेबावर जातो. ११३ ने २०१, ११४ ने २०२. अशा वेळी बघायचं ते हे : समोरच्या खेळाडूचे प्रयत्न शिल्लक आहेत का? असतील तर एक किलोची आघाडी टिकत नाही, ती पुन्हा वर जाऊ शकते, म्हणून कोच थोडी जास्त उडी मारतो. नसतील तर लागेल तेवढंच लावायचं. शिवाय २०२ ही तिची टोकियोतली बेरीज (८७ आणि ११५), तिच्या आवाक्यातला आकडा. तो जर्क हुकला आणि चौथा क्रमांक आला. एका किलोच्या फरकाने गेलेलं ते पदक आजही जिवाला लागतं.

---

तीन_दिवे

तिसऱ्याबद्दल. तीन पंच असतात, दोन पांढरे दिवे लागले की लिफ्ट ग्राह्य. नजर बारवर ठेवली तर चूक दिसणार नाही, कोपरांवर ठेवा.

सगळ्यात जास्त लाल दिवे प्रेस-आउटचे. हात एका झटक्यात सरळ होऊन तिथेच कुलूप लागल्यासारखे थांबले पाहिजेत. आधी थोडे वाकलेले राहून मग ढकलून सरळ केले की नो लिफ्ट. मूळ बहुतेक वेळा खाली असतं : जर्कच्या आधी गुडघे वाकवताना छाती पुढे झुकते, बार पुढच्या दिशेने जातो आणि हातांना उरलेलं काम ढकलून पूर्ण करावं लागतं. स्नॅचमध्ये बार शरीरापासून लांब वळसा घालून वर गेला की तेच होतं. बाजूच्या कॅमेऱ्यात छाती आणि बारचा मार्ग दिसतो, कोपरं समोरच्या कॅमेऱ्यात. दोन्ही रिप्ले बघितल्याशिवाय पंचांना दोष देऊ नका.

दुसरं, क्लीनमध्ये (जर्कच्या आधी बार खांद्यांवर घेताना) अगदी खाली बसल्यावर कोपर मांडीला किंवा गुडघ्याला टेकणं. कोपरं उशिरा फिरली की ती खाली लोंबतात आणि टेकतात. हे क्षणभरात होतं, नेहमीच्या वेगात जवळजवळ दिसतच नाही, वेग कमी करून बघा. बार मांडीला घासून वर गेला तर मात्र काही चूक नाही, ती गल्लत पुष्कळ जण करतात.

तिसरं, जर्कसाठी गुडघे वाकवले आणि मग थांबून पुन्हा वाकवले, तर तो अर्धवट सोडलेला जर्क धरतात.

चौथं सगळ्यात जीवघेणं. लिफ्ट पूर्ण झाली, पण दोन्ही पाय एका रेषेत यायच्या आधी किंवा खाली ठेवण्याचा इशारा मिळायच्या आधी बार सोडला. खांद्याच्या वरून हात सुटला तरी लाल. स्नॅचनंतर तोल सावरायला दोन पावलं चालणं चालतं, इशारा होईपर्यंत धीर धरला म्हणजे झालं.

काही खेळाडूंचे हात जन्मतः पूर्ण सरळ होत नाहीत. त्यांना ते पंचांना आधीच दाखवावं लागतं. तेव्हा वाकडा दिसणारा हात आणि तरी पांढरे दिवे, याचा अर्थ पक्षपात नव्हे.

---

कॉलरकडे_लक्ष

जुन्या लढतींबद्दल एक पुरवणी. वजनगट बदलत आले आहेत, २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये. मीराबाईच २०१७ च्या जागतिक सुवर्णाला ४८ किलो गटात होती (१९४), टोकियोत ४९ मध्ये आणि २०२५ च्या जागतिक रौप्याला परत ४८ मध्ये (१९९). गट बदलले की विक्रमांची यादीही नव्याने सुरू होते. सिडनी २००० मध्ये महिला वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तिथे कर्णम मल्लेश्वरीचं कांस्य ६९ किलो गटात, ११० आणि १३०. ते २४० आजच्या ६९ शेजारी ठेवायला हरकत नाही, पण मधल्या वर्षांतल्या ६४ किंवा ७१ शी ताडून बघू नका. आकडा लिहिताना शेजारी वर्ष आणि गट दोन्ही लिहा.