तुम्ही 'इथले' कधी झालात?

खान्देशात बाहेरून येऊन रुजलेल्यांनी लिहा, इथून उठून परमुलखात गेलेल्यांनीही. मूळचं कोण, हा वाद नको. लेवा-गुजर मंडळीही आपले पूर्वज गुजरातेतून आल्याचं सांगतात.

जळगाव, सिंधी कॉलनी
फाळणीनंतर आजोबा शिकारपूरहून आले. खांद्यावर कापडाचं गाठोडं, अमळनेर-पारोळ्याचे आठवडे बाजार. गिऱ्हाईक सगळं शेतकरी बायकांचं, त्यामुळे मराठीआधी त्यांना अहिराणी आली. लुगड्याची घडी मोडत "हाई देख ना माय" म्हणायचे, ते मीही ऐकलंय. उधारीची वही मात्र शेवटपर्यंत सिंधीत, उजवीकडून डावीकडे. ते गेले तेव्हा कोणाकडे किती येणं, हे घरात एकालाही वाचता येईना. वडिलांनी उधारीवर पाणी सोडलं. वही अजून आहे. मला त्यातले फक्त आकडे कळतात.

सुरत, लिंबायत (मूळ शिंदखेडा)
लूमवर बारा तासांची पाळी. खोली बघायला गेलो की भाड्याआधी प्रश्न, मटण खाता का? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशी देवी, बसवली, तेव्हा गल्लीला आमची ओळख पटली. तिसऱ्या वर्षी घरमालकीण ताट घेऊन प्रसादाला आली. आता रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, भाऊबंदकीबाहेर जात नाही! घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून दळलेला तो. आईने पुरणपोळी वाढली, रोट दिला नाही. खोलीसाठी लोकांना सोवळं म्हणून नावं ठेवणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो.

भुसावळ
वडील रेल्वेत, आम्ही तेलुगू. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मैदानावर लेवा गणबोली. आई वांग्याच्या भरतात चिंच घालायची, वंकाया पच्चडीची, आमच्याकडच्या वांग्याच्या चटणीची सवय. क्वार्टरमधल्या काकू म्हणायच्या, "बामणोदचं वांगं बाटवलं!" वाटी मात्र चाटूनपुसून परत यायची.

नंदुरबार (मूळ धडगाव)
मी परप्रांतीय नाही, सातपुड्यातलाच पावरा आदिवासी. तरी पहिलीत गुरुजी "बस" म्हणाले की बाकीच्या पोरांकडे बघून बसायचो. पुढे हॉस्टेलवर घरचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचो, कोणी पावरी ऐकू नये म्हणून. आता माझ्या खोलीतला गुजर पाटील मला पावरीतूनच शिव्या घालतो. उच्चार फार वाईट आहेत त्याचे.